तीनदा उचललेला भंडारा

केराबाईच्या पोराला माळ वाचवायचा नाद लागला आणि त्या दिवसापासून माळाचं काही खरं राहिलं नाही.

तसा माळ आधीपासून वाचलेलाच होता. सोलापूरजवळच्या वळसंगच्या पलीकडं, आत सहा किलोमीटरवर ही धनगरांची वाडी. वाडीच्या दक्षिणेला दीडशे एकर मोकळा माळ. तो सरकारी नव्हे, बारा घरांच्या मालकीचा. प्रत्येकाचा सातबारा वेगळा, पण मध्ये बांध नाही की कुंपण नाही. कुणाचीही मेंढी कुणाच्याही गवतात तोंड घालते, आणि आजवर कुणी कुणाला 'का' म्हणून विचारलेलं नाही. नांगर लावावा अशी तिथली माती नव्हती आणि बंगला बांधावा अशी कुणाची ऐपत नव्हती. एवढ्या दोन कारणांवर तो माळ पिढ्यान्‌पिढ्या सुखात होता. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागायचं, टिटव्या उघड्यावर अंडी घालायच्या, अधूनमधून लांडगा येऊन एखादं कोकरू उचलायचा आणि ज्याचं जायचं तो चार शिव्या देऊन गप्प बसायचा. याला संवर्धन म्हणतात हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते सांगायला पुण्याहून संस्था आली.

संस्थेतर्फे ऋतुजा यायची. पंचविशीतली पोर, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, स्वभावानं चांगली. तिचं म्हणणं असं, की जमीन ज्याची त्याच्याच नावावर राहू द्या. गावानं मिळून फक्त एक न्यास काढायचा. प्रत्येक मालकानं न्यासाला लिहून द्यायचं, की माझा तुकडा मी नांगरणार नाही, विकणार नाही, त्यावर काही बांधणार नाही. न्यासानं राखण करायची आणि पुण्याच्या संस्थेनं न्यासाला आधार द्यायचा. आधार म्हणजे काय, तर प्रशिक्षण, फलक, टोप्या आणि अहवाल.

न्यासाचं नाव ठरलं 'आपला माळ लोकभूमी न्यास'. अध्यक्ष कोण करायचा, यावर फार चर्चा झाली नाही. केराबाईचा बिभीषण आयटीआय झालेला होता, त्याच्याकडं इस्त्रीचे तीन पांढरे शर्ट होते आणि 'शाश्वत' हा शब्द त्याला अडखळल्याशिवाय म्हणता येत होता. एवढी पात्रता असलेला माणूस वाडीत दुसरा नव्हता.

मग प्रशिक्षण झालं. विषय, 'माळरान कसे राखावे'. चाळीस वर्षं माळावर मेंढ्या राखणाऱ्या केराबाईला शाळेच्या खोलीत दोन दिवस पंख्याखाली बसवलं आणि माळ कसा राखावा ते शिकवलं. पडद्यावर एक मेंढी दाखवून पाहुण्या तज्ज्ञांनी विचारलं, "हे आपल्याला काय दिसतं?"

"मेंढी हाय," केराबाई म्हणाली, "पर पुडच्या उजव्या पायानं लंगडतीया. खूर सडलंय तिचं. औषीद लावलं का न्हाय कुणी?"

तज्ज्ञांनी घाईनं पुढचं चित्र लावलं. केराबाईला 'उत्तीर्ण' असं प्रमाणपत्र मिळालं. तिनं ते ज्वारीच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवलं.

जूनमध्ये पाचशे रोपं आली. गवताच्या माळावर झाडं लावायची नसतात, टिटवी-चंडोलांना उघडी जमीन लागते, हे केराबाईनं सांगितलं. ऋतुजा खालच्या आवाजात म्हणाली, "मला माहितीये हो आजी. पण देणगी झाडांसाठी आलीये, गवतासाठी कुणी देत नाही." मग बॅनर धरून पाचशे खड्ड्यांत पाचशे रोपं लागली. मेंढ्यांना त्या वर्षी हिरवा चारा लवकर मिळाला. अहवालात लिहिलं, 'जगण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी.'

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण दिवाळीपर्यंत अकरा घरांनी न्यासाला लिहून दिलं. ईरप्पानं दिलं, रंभाबाईनं दिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बिभीषणनं स्वतः वाचून दाखवलं, आणि इतकं छान वाचलं, की रंभाबाईनं डोळ्याला पदर लावला. बारावं घर तेवढं राहिलं. ते अध्यक्षांचं.

त्या बाराव्या घराची एकोणीस एकर जमीन माळाच्या ऐन मधोमध होती. डांबरी रस्ता तिलाच लागून, आणि पाझर तलाव तिच्यातच. अख्ख्या वाडीच्या मेंढ्या त्याच वाटेनं जाऊन तिथंच पाणी प्यायच्या. बाकीचा एकशेतीस एकर माळ कितीही राखला, तरी ते पाणी तुटलं तर मेंढरांनी गवताकडं बघत तहानेनं मरायचं एवढंच बाकी राहतं.

आणि सातबाऱ्यावर नाव एकट्या बिभीषणचं. नवरा ज्ञानबा वारला तेव्हा दहा जणांनी केराबाईला शहाणपण शिकवलं होतं, की एकुलता एक लेक आहे, दोन-दोन नावं कशाला, उद्या त्याचं काम अडेल. तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं होतं, "आजी, विचार केलाय ना?" तर ती उलट त्याच्यावरच उखडली होती. पोटच्या पोराचा काय विचार करायचा?

पौषातल्या एका सकाळी ती तलावाच्या काठाला मेंढ्या घेऊन बसली होती. एक पांढरी गाडी आली. गाडीतून गॉगल लावलेला एक माणूस उतरला. त्याच्या मागनं दुसरा एकजण चुन्याची पिशवी घेऊन उतरला. टेप धरून दोघंही जमिनीवर रेघा मारू लागले. गॉगलवाल्याचं नाव अमरेश, अक्कलकोट रोडला प्लॉट विकून देणारा एजंट. जिभेला हाड नसलेला माणूस. त्याला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं.

"काय चाललंय?" केराबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"मोजनी, मावशी. फार्महाऊसचं प्लॉट पडनार हितं. ही रेघ बगताय न्हवं? हितं स्विमिंग पूल."

"हितं तर तळं हाय की."

"तेच भरून काडायचं. मेंढरांनी लेंड्या टाकलेल्या पान्यात कोन पवनार?"

"आन्‌ भवतीनं?"

"भवतीनं तर लई मज्जा हाय!" अमरेशनं गॉगल कपाळावर चढवला. "एकशेतीस एकर मोकळा माळ. अकरा जनांनी लिवून दिलंय, कदीच बांधनार न्हाय. म्हंजे आपल्या गिऱ्हाइकाला जलमभर मोकळं वारं, हरनं, पाखरं, समदं फुकट. अशी जागा सोलापुरात शोधून गावनार न्हाय. मालक लई डोकेबाज मानूस हाय बगा. त्या माळ वाचवायच्या मंडळाचा अध्यक्षच हाय."

"व्हय? कुनाचा म्हनायचा?"

"कोन ज्ञानबा म्हनून हुता, त्याचा. घरात म्हातारी हाय वाटतं एक. पर तिचा काय तरास न्हाय. नाव न्हाय तिचं कुटं." त्यानं टेप गुंडाळली. "मावशी, फुडच्या सालापास्नं मेंढरं दुसरीकडं बगा हां. आत्ताच सांगून ठिवतो, मागनं बोल नको."

केराबाईनं मान हलवली. कुंपणच शेत खातं हे तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. पण त्या कुंपणाला आपण अंगावर पाजलेलं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला तिथंच ओरडावंसं वाटलं, दगड उचलून गाडीची काच फोडावीशी वाटली. तिनं मेंढ्या पाण्यावर घातल्या आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत बसून राहिली.

दिवस मावळताना बिभीषण आला. तिनं आडून-आडून काही विचारलं नाही. तोही खोटं बोलला नाही. अध्यक्ष झाल्यापासून त्याला खोटं बोलायची गरजच उरली नव्हती, सगळं पटवूनच देता यायचं.

"आई, सुकन्या तुज्या नातवाला घिऊन जुळे सोलापुरात दोन खोल्यांत भाड्यानं ऱ्हातीया. पोराची शाळा हाय. किती वरसं असं काडायचं? आन्‌ मी माळ कुटं मोडतोय? एकशेतीस एकर ऱ्हातोयच की! दीडशेतलं एकशेतीस म्हंजे पास न्हवं, फस्‌क्लास हाय."

"आन्‌ पानी?"

"टँकर मागू. ऋतुजा म्याडमला सांगून मेंढरांसाटी टाकी बसवून घिऊ. तशी योजना असती."

"अरं, माळ म्हंजे काय चादर हाय व्हय, मदोमद भोक पाडलं तरी उरलेली पांगरून झोपाया?"

यावर अध्यक्षांनी फोन आल्यासारखं केलं आणि ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा आली, तर केराबाईनं तिला मेंढवाड्यातच गाठलं.

"पोरी, समद्यांचं कागद झालं. माज्या बिभीषणचा कुटाय?"

"सरांची जमीन टप्पा दोनमध्ये आहे, आजी."

"टप्पा दोन कवा?"

"टप्पा एक पूर्ण झाला, की."

"त्यो कवा पुरा हुनार?"

"अध्यक्षांनी त्यावर सही केली, की."

"बरं. आन्‌ ह्यो कागद उद्या कुनी मोडला, तर काय करतासा?"

"न्यास त्यांना पत्र पाठवतो."

"पत्र कोन लिवतं?"

"अध्यक्ष," ऋतुजा म्हणाली. मग ती मेंढवाड्याच्या दगडावर बसलीच. "आजी, खरं सांगू? आपल्याकडे असा करार कायद्यानं पक्का बांधून घ्यायची नीट सोयच नाहीये अजून. हा विश्वासाचा कागद आहे."

"विश्वास असता तर कागद कशाला लागला असता?"

केराबाईनं तिला स्विमिंग पुलाबद्दल सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला. तिनं दोन वर्षं उन्हात फिरून अकरा सह्या जमवल्या होत्या, आणि त्या सगळ्या मिळून एका एजंटाच्या जाहिरातीचा मजकूर झाला होता. "मी वरिष्ठांना मेल करते," ती म्हणाली. वरिष्ठांचं उत्तर तासाभरात आलं. देणगीदार पुढच्या रविवारी येत आहेत, तोवर हा विषय काढू नये.

"त्यांच्यासाठी कार्यक्रम आहे," ऋतुजा रडवेल्या आवाजात म्हणाली. "गजीनृत्य आहे, जेवण आहे. मध्ये दहा मिनिटं उरतात. तिथे काहीतरी पारंपरिक घाला म्हणतायत. तुमच्यात पूर्वी शब्द पक्का करायला काय करायचे हो, आजी?"

केराबाईनं बिरोबाच्या देवळाकडं बघितलं.

शब्द पक्का करायला वाडीत भंडारा उचलत. बिरोबाच्या पायावरची हळद तळहातावर घ्यायची, देवाकडं तोंड करून बोलायचं आणि ती हळद कपाळाला लावायची. संपलं. साक्षीदार नाही, शिक्का नाही. आणि बोललेलं मोडलं, तर दंडही नाही. फक्त त्या माणसाच्या हातचं पाणी पुन्हा कुणी घेत नाही. रंभाबाईच्या सासऱ्यानं शेताच्या बांधावरच्या दगडाच्या भांडणात भंडारा उचलून खोटं सांगितलं होतं. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. पण त्याच्या उंबऱ्यावर कुणी टेकलं नाही, त्याच्या घरी कुणी चहा प्याला नाही, त्याचा तांब्या कुणी हातात धरला नाही. सहा वर्षांनी म्हातारा घर सोडून माळशिरसकडं निघून गेला, तो तिकडंच मेला. रंभाबाईचं घर त्यातून सावरायला पुढची वीस वर्षं गेली.

म्हणून भंडारा कुणी उठसूट उचलायला लावत नसे. भावकीत भांडण शिगेला गेलं तर. आणि पोटच्या पोराला? पोराला भंडारा उचलायला लावणं म्हणजे माझा तुझ्यावर भरवसा उरला नाही, हे आईनं देवासमोर कबूल करणं. वाडीच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

"दोन दिसांनी सांगते," केराबाई म्हणाली.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती ईरप्पाकडं गेली. ईरप्पा बिरोबाचा पुजारी, ज्ञानबाच्या वयाचा. घरात कानडी बोलायचा, देवाशी कानडी बोलायचा आणि मराठी फक्त माणसांसाठी ठेवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बेडा, वयनी," तो म्हणाला. "नको. त्यानं मागनं मोडला तर? पोरगं बी जाईल, माळ बी जाईल."

"न्हाई उचलला तर माळ जानारच हाय. आन्‌ असलं पोरगं ठिवून तरी काय करू?"

हे बोलताना तिला रडू फुटलं. ईरप्पानं तिच्याकडं न बघता ताट घासायला घेतलं.

रविवारी देणगीदार आले. दोन साहेब आणि एक बाई, मुंबईचे. फेब्रुवारीतलं ऊन म्हणजे सोलापुरात उन्हाळाच. मांडवाखालीसुद्धा घामाच्या धारा. त्यात अध्यक्षांनी तिघांच्याही अंगावर सोलापुरी चादरी पांघरून त्यांचा सत्कार केला. पाहुणे हसतमुखानं शिजत बसले. मग अध्यक्षांचं भाषण झालं. माळ ही आपली आई आहे, आईला कुणी विकतं का, असा सवाल त्यांनी श्रोत्यांना केला. मागं मेंढवाड्याजवळ उभी असलेली त्यांची आई ऐकत होती. गजी झाली, ढोल घुमले, टाळ्या पडल्या.

कार्यक्रमपत्रिकेत पुढं 'पारंपरिक शपथ' असं छापलं होतं. अध्यक्षांनी ती पत्रिका मंजूर केली होती, पण वाचली नव्हती. मंजूर केलेलं वाचायची पद्धत न्यासात नव्हती. पारंपरिक म्हणजे म्हातारी माणसं काहीतरी करतील, आपण बाजूला उभं राहून फोटोत यायचं, अशी त्यांची कल्पना.

ईरप्पा मांडवाशेजारच्या बिरोबाच्या देवळातून पितळी ताट घेऊन आला. ताटात भंडाऱ्याचा ढीग. वाडीतली माणसं ते बघून एकदम गप्प झाली. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. पाहुण्या बाईंना ही शांतता फार आवडली. "किती आध्यात्मिक!" त्या म्हणाल्या.

ऋतुजानं माईक हातात घेतला. "इथले जमीनमालक आता आपल्या परंपरेनुसार माळ राखण्याचा शब्द देतील. सुरुवात अर्थातच अध्यक्षांपासून."

बिभीषणच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या खालचं सगळं सरकलं. "आदी वडीलधारी मानसं," तो म्हणाला. "मी शेवटी."

"नो, नो! प्रेसिडेंट फर्स्ट!" चादरीतल्या साहेबांनी आग्रह केला. तिघांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर पुढं सरसावला.

पांढऱ्या शर्टातला अध्यक्ष पुढं झाला. ईरप्पानं त्याच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला. बिभीषण देवाकडं वळला आणि ओठांतल्या ओठांत घाईनं म्हणाला, "माळ राकीन." बोट कपाळाला टेकवलं आणि सुटला.

"सर, सॉरी," फोटोग्राफर म्हणाला. "मागून ऊन येत होतं, तोंड काळं आलंय. परत एकदा घेऊ या का?"

भंडारा दुसऱ्यांदा उचलतात हे वाडीत कुणी बघितलं नव्हतं. पण पाहुण्यांपुढं काय बोलायचं? बिभीषणला दुसऱ्या बाजूला उभं केलं. पुन्हा भंडारा. "माळ राकीन," तो म्हणाला, या वेळी जरा मोठ्यानं.

"फोटो मस्त आलाय," फोटोग्राफर म्हणाला. "पण व्हिडिओत आवाज नाही आला, सर. कॉलरला माईक लावतो. फक्त एकदा. आणि थोडं डिटेलमध्ये बोला ना, म्हणजे लोकांना कळेल."

तेव्हा केराबाई मेंढवाड्याकडून चालत पुढं आली. डोक्यावर पदर घेऊन ती पोराच्या समोर, देवाच्या बाजूला उभी राहिली. "डिटेलमदी मी सांगते," ती म्हणाली. "माज्या मागनं म्हन."

बिभीषणनं तिच्याकडं बघितलं. त्याला आता सगळं कळलं. त्यानं ऋतुजाकडं बघितलं, ती पायाकडं बघत होती. त्यानं पाहुण्यांकडं बघितलं, ते कौतुकानं मान हलवत होते. कॉलरला माईक होता. तळहातावर ईरप्पानं या वेळी चिमूट नव्हे, मूठभर भंडारा ठेवला होता.

"गट नंबर दोनशे सतरा," केराबाई म्हणाली.

"गट नंबर दोनशे सतरा."

"एकोनीस एकर. तळ्यासकट, वाटंसकट."

"तळ्यासकट... वाटंसकट."

"इकनार न्हाय. मोडनार न्हाय. कुंपान घालनार न्हाय."

माईकमुळं त्याचा आवाज सगळ्या माळावर गेला. "इकनार न्हाय. मोडनार न्हाय. कुंपान घालनार न्हाय."

"परफेक्ट!" फोटोग्राफर ओरडला.

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आई आणि मुलगा, माती आणि परंपरा, सगळं एका चौकटीत. वाडीतून एकही टाळी वाजली नाही. रंभाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. मग बाकीची अकरा माणसं एकामागून एक आली, भंडारा उचलून गेली, आणि त्यांच्या वेळी फोटोग्राफर जेवायला गेला होता.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन पाहुणे गेले. दोन दिवसांत संस्थेच्या पानावर तो व्हिडिओ आला, मागं बासरी लावून. अहवालात ऋतुजाच्या वरिष्ठांनी लिहिलं, 'लोकसहभागातून टप्पा दोन नियोजित वेळेआधी पूर्ण.' बिभीषणला 'माळरक्षक' असं कोरलेली लाकडी ढाल टपालानं आली. ती त्यानं उघडलीसुद्धा नाही. आईशी तो बोलत नव्हता. ती भाकरी वाढायची, तो खाली बघून खायचा. हळदीचा रंग काही केल्या हाताचा जात नव्हता. भाकरीचा तुकडा मोडला, की तुकड्याला पिवळं लागायचं.

गुरुवारी दुपारी अमरेश आला. टाईप केलेला करार, स्टँपपेपर, पेन, सगळं घेऊन. ओट्यावर खुर्ची टाकून बसला. त्यानं व्हिडिओ बघितला होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"लई भारी ॲक्टिंग केलासा, अध्यक्ष! आमच्या गिऱ्हाइकाला बी दाकवला. म्हनला, वा, गाव किती चांगलं हाय! त्यानं आनकी दोन प्लॉट धरल्यात." त्यानं करार पुढं सरकवला. "भंडारा-बिंडारा मला म्हाईत हाय, म्या बी अक्कलकोटचा हाय. पर कोर्टात हळद चालत न्हाय. सातबाऱ्यावर काय बोजा हाय का? न्हाय. मग सपलं. साक्षीदार म्या आनल्यात, गाडीत बसल्यात. करा सही."

तो बोलत होता त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दाराआड बसून ज्वारी निवडणाऱ्या केराबाईलाही ते कळत होतं. कायदा त्याच्या बाजूला होता, कागद त्याच्या बाजूला होता, आणि तिच्या बाजूला फक्त मूठभर हळद. सुपातले खडे वेचणारा तिचा हात थांबला.

बाहेर पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

"मला तान लागलीया," बिभीषण म्हणाला, आणि आत आला.

माठाजवळ तो नुसता उभा राहिला. पाणी घेतलं नाही. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"आई. ह्या मानसाचं सोड. गावाचं बी सोड. म्या सही केली, तर तू माज्या हातचं पानी घेशील का न्हाय?"

केराबाईनं सूप खाली ठेवलं. हो म्हणायला काय लागत होतं? एकुलता एक लेक. बारा दिवसांचा असताना मेंढवाड्यात सोबत घेऊन निजलेली ती. तिच्या तोंडात हो आलंही होतं.

"न्हाय," ती म्हणाली.

तो आपल्या पिवळ्या तळहाताकडं बघत राहिला. "पोराला भंडारा उचलाया लावलास तू," तो म्हणाला. "समद्या गावासमोर."

"व्हय. लावला," ती म्हणाली. "मला मरूस्तवर लाज वाटंल त्येची."

बिभीषण बाहेर गेला. ओट्यावर काहीतरी बोलणं झालं, आधी हळू, मग अमरेशचं मोठ्यानं, "अवो अध्यक्ष, हळदीसाटी? हळदीसाटी?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज, गाडीचं दार, आणि वळसंगच्या रस्त्याला लागलेली गाडी.

केराबाई उठली नाही. तिला वाटलं, पोरगंही त्याच गाडीत बसून गेलं.

दारात सावली पडली. बिभीषण आत आला, माठाचं झाकण काढलं, तांब्या बुडवून काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तो पुढं केला. तांब्याला त्याच्या बोटांचा पिवळा रंग लागला होता.

"घे," तो म्हणाला.

केराबाईला तहान नव्हती. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.